‘रेसिंग’ सीडीआय बसवला की गाडीचा पिकअप खरंच वाढतो का?

चिंचवड : चाकण, तळेगाव, भोसरीच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी खेड, मावळ, जुन्नरकडची पोरं रोज पन्नास-साठ किलोमीटर मोटारसायकल मारतात. पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे. मग कोणी सांगतं, रेसिंगचा सीडीआय टाक, मोठी कॉइल बसव, इरिडियम प्लग लाव, पिकअपही वाढेल आणि अ‍ॅव्हरेजही. दोन-तीन हजार सहज जातात. पैसे टाकण्याआधी ठिणगीचं काम काय, एवढं समजून घ्यावं.

दीडशे सीसीच्या इंजिनात फुल एक्सलेटरवर एका स्फोटाला साधारण एक शतांश ग्रॅम पेट्रोल जळतं. त्यातून चार-पाचशे ज्यूल उष्णता निघते. ठिणगीची ताकद एका ज्यूलच्या विसाव्या भागाएवढीसुद्धा नसते. म्हणजे ताकद पेट्रोलची, ठिणगी फक्त पेटवते. विहिरीवरच्या मोटरला मोठा स्टार्टर लावला म्हणून पाइपातून पाणी जास्त येत नाही, तसंच हे.

‘चाळीस हजार व्होल्टची कॉइल’ ही जाहिरात तर निव्वळ आकड्यांचा खेळ. प्लगच्या फटीतून उडी मारायला जेवढे व्होल्ट लागतात तेवढेच कॉइल चढवते, ठिणगी पडली की दाब खाली येतो. फट दहा-पंधरा हजारांत ओलांडली जात असेल, तर उरलेले व्होल्ट कागदावरच राहतात.

मग काहींना फरक जाणवतो तो कशामुळे? बहुतेक वेळा जुना प्लग घासलेला असतो, फट वाढलेली असते, कॅप सैल असते, गाडी मिसिंग मारत असते. नवीन सामान पडलं की मिसिंग जातं आणि नाव होतं महागड्या प्लगचं. कंपनीने सांगितलेला साधा नवा प्लग टाकला असता तरी तेच झालं असतं. इरिडियमचा खरा फायदा म्हणजे तो जास्त टिकतो आणि त्याच्या बारीक टोकामुळे कमी व्होल्टवर ठिणगी पडते.

सीडीआयची गोष्ट थोडी वेगळी. ठिणगी कधी पडायची, ती वेळ तो ठरवतो, आणि वेळ बदलली तर इंजिनवर परिणाम होतोच. रेसिंगच्या डब्यात ठिणगी जरा लवकर पाडलेली असते आणि जास्त फेऱ्यांवर इंजिनला अडवणारी मर्यादा काढलेली असते. ट्रॅकवर, इंजिनाचं बाकी काम केलेलं असेल तर त्याचा उपयोग आहे. साध्या इंजिनात साधं पेट्रोल टाकून, मागे माणूस बसवून घाट चढताना मात्र ठिणगी फार लवकर पडली की इंजिन ठोके मारतं, तापतं. पिस्टन-रिंगचं काम निघालं की दोन हजारांचा सीडीआय फार महागात पडतो.

ठिणगीत सुधारणा करून फायदा झालाच नाही, असं नाही. पल्सर २००१ साली आली आणि २००३ मध्ये बजाजने तिला डीटीएस-आय, म्हणजे डिजिटल ट्विन स्पार्क इग्निशन दिलं. एका सिलिंडरला दोन प्लग, त्यामुळे मिश्रण दोन्ही बाजूंनी पेटून लवकर जळतं. पण त्यासाठी हेडमध्ये दुसऱ्या प्लगची जागा केली, ठिणगीची वेळ त्या इंजिनाप्रमाणे बसवली. नुसता डबा बदलून ते झालेलं नाही. दुसरं उदाहरण जुन्या राजदूत, येझदीचं. त्यांच्या घासणाऱ्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर किक लवकर लागते, सारखं सेटिंग करावं लागत नाही. तिथे पैसे वसूल होतात.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांच्या बाबतीत जास्त जपायला हवं. बहुतेकींत इंजेक्शन आहे. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एकच ईसीयू सांभाळतो. मध्ये डबा जोडला की चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. रेझिस्टर नसलेला प्लग टाकला तरी त्याचा विद्युत गोंधळ ईसीयूपर्यंत जातो. वॉरंटी अडकते ती वेगळीच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

हिशोबही करून बघावा. रोज साठ किलोमीटर, महिन्याला सव्वीस दिवस म्हणजे १,५६० किलोमीटर. पन्नासच्या अ‍ॅव्हरेजने एकतीस लिटर लागतं. दहा टक्के वाचलं असं धरलं तरी महिन्याला तीन लिटर, आणि तेवढं या सामानाने वाचणं अवघडच. टायरची हवा, चेनला तेल, एअर फिल्टर, चिकटलेला ब्रेक हे आधी बघितलं तर खर्च शे-दोनशेच्या आसपास.

तरीही कोणाला प्रयोग करायचाच असेल तर बसवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा टाकी एकाच खुणेपर्यंत भरावी, त्याच रस्त्याने किमान तीनशे किलोमीटर चालवावं आणि परत त्याच खुणेपर्यंत भरून लिटर मोजावं. मीटरवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा धरू नये. जुना प्लग आणि सीडीआय गॅरेजवाल्याकडून मागून घरी ठेवावा. फरक निघाला नाही तर तोच परत बसवता येतो.