फसव्या ड्रोनचा खरा नेम क्षेपणास्त्रांच्या साठ्यावर

8 मे 2025 च्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी पाकिस्तानी ड्रोन घुसले. सरकारी निवेदनानुसार त्यांची संख्या 300 ते 400 होती आणि आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपून पाहणे हा त्यामागचा संभाव्य हेतू होता. ही युक्ती जुनी आहे. जून 1982 मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने मानवरहित विमाने पुढे धाडली, सीरियाची रडार त्यांच्यावर रोखली गेली, ठिकाणे उघडी पडली आणि बहुतेक क्षेपणास्त्र तळ त्याच दिवशी उद्ध्वस्त झाले. रशियाचे फोम आणि प्लायवूडचे गेर्बेरा ड्रोन आता युक्रेनमध्ये तेच करतात. रडारला वस्तूचा आकार दिसत नाही, तिच्यावरून परतणारी लहर तेवढी कळते. त्यामुळे पोटात ल्युनेबर्ग भिंग बसवले, की आलेली लहर एका बिंदूवर एकवटून आल्या दिशेनेच परत जाते आणि हलके खेळणे मोठ्या ड्रोनएवढे भासते. पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेचे एक क्षेपणास्त्र सुमारे 40 लाख डॉलरचे. ते अशा खेळण्यावर खर्ची पडले, तर पाडणाऱ्याचीच हार होते.

मग खोटे ड्रोन सोडून द्यावेत, असे कुणी म्हणेल. पण काही गेर्बेरांत थोडी स्फोटके असतात, काहींत कॅमेरा. म्हणून माझ्या मते खरी लढाई ओळखण्याची आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेमागचे तत्त्व इथेही लागू पडते: एकाच उपकरणाच्या नोंदीवर विसंबायचे नाही, दूरच्या दुसऱ्या उपकरणाची साक्ष काढायची. भिंग रडारला फसवते. इंजिनाचा आवाज आणि उष्णता त्याला बदलता येत नाही. इतकी छाननी करायला वेळ कुठला, हा आक्षेप क्षेपणास्त्रांबाबत रास्त आहे. ताशी दीडशे किलोमीटरने येणारा ड्रोन मात्र 30 किलोमीटरवर दिसला, तर 12 मिनिटे हाती असतात.

तरीही संशय उरलाच, तर मारा स्वस्त हवा. मे 2025 मध्ये एल-70 सारख्या जुन्या तोफांनी म्हणूनच मोठी कामगिरी केली. नागपूरच्या सोलर डिफेन्सने बनवलेल्या ‘भार्गवास्त्र’ या छोट्या रॉकेटांच्या यंत्रणेची चाचणीही त्याच महिन्यात गोपाळपूरला झाली. तिचा पल्ला अडीच किलोमीटर. एवढ्या पल्ल्यात अख्खे शहर झाकले जाणार नाही. वीजकेंद्र, धावपट्टी, रडार यांना मात्र ती राखू शकते, आणि महागडी क्षेपणास्त्रे खऱ्या विमानांसाठी शिल्लक राहतात.