रात्रीची क्वार्टर आणि पहाटेचा ऑटो

रात्री अकराला क्वार्टर संपवली, झोप काढली, चहा घेतला आणि पहाटे पाचला नांदेड स्टेशनवर ऑटो लावला. आपल्या वस्तीत यात कुणाला वावगं वाटत नाही. ‘उतरली की रात्रीच!’ पण उतरलेली नसते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत ते आपल्याच संथ चालीनं संपवतं. लिंबू, ताक, थंड पाण्याची आंघोळ यांनी ती चाल वाढत नाही. कायद्याच्या मर्यादेखाली यायला मध्यम बांध्याच्या माणसाला सात-आठ तास सहज लागतात.

ती मर्यादा म्हणजे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सांगतं : पहिल्यांदा सापडल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत आणि १५,०००. लायसन्स ३ महिने निलंबित होऊ शकतं. ऑटोवाल्याच्या घरात तीन महिने म्हणजे काय, हे बचत गटाचा हप्ता भरणाऱ्या माउलीला विचारा.

२०१९च्या दुरुस्तीनंतर ते लायसन्स परत हवं तर चालकांचा उजळणी कोर्स पूर्ण करावा लागतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी असे वर्ग ऑनलाइन चालतात. आपल्याकडे शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते, म्हणून ‘हा कोर्सही मोबाइलवर उरकून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर पैसे देऊ नका. कायदा परवानाधारक प्रशिक्षण संस्थेतून किंवा केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या संस्थेतून कोर्स करा म्हणतो. आधी आरटीओत विचारा.

कोर्स नियम शिकवतो, तलफ घालवत नाही. त्यासाठी डॉक्टर लागतो. नांदेडला विष्णुपुरीच्या आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. रोज पिणाऱ्यानं रागाच्या भरात एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास, फिट असं होऊ शकतं. अशा वेळी जिवाला धोका असतो, ताबडतोब दवाखाना गाठा.

आणखी एक. चहात गुपचूप मिसळायची ‘दारू सोडवायची पावडर’ अनेक घरांत येते. त्यात नेमकं काय आहे, हे विकणाराही सांगत नाही. अशी काही औषधं दारूसोबत पोटात गेली तर रक्तदाब एकदम कोसळतो. पाचवं शील घरात आणायची घाई कितीही असली, तरी ही पावडर नको. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. पिणाऱ्याची तयारी नसली तरी घरच्यांनी फोन करून सल्ला घेता येतो.