पर्सी जॅक्सन कादंबरीमाला

ग्रीक पुराणकथांवर आधारलेली, किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली अमेरिकन अद्भुतकादंबऱ्यांची माला. तिचा कर्ता रिक रायर्डन (५ जून १९६४ – ). त्याचा जन्म टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथे झाला. सुमारे पंधरा वर्षे त्याने शाळांतून इंग्रजी व इतिहास हे विषय शिकविले. आरंभी त्याने प्रौढांसाठी रहस्यकथा लिहिल्या. डिस्लेक्सिया ही वाचन-अक्षमता व अवधानन्यूनता असलेल्या आपल्या मुलाला तो रात्री ग्रीक कथा सांगत असे. त्या संपल्यावर त्याने रचलेल्या नव्या कथेतून ही माला निर्माण झाली.

मालेच्या मूळ पाच कादंबऱ्या अशा : द लाइटनिंग थीफ (२००५), द सी ऑफ मॉन्स्टर्स (२००६), द टायटन्स कर्स (२००७), द बॅटल ऑफ द लॅबिरिंथ (२००८) व द लास्ट ऑलिंपियन (२००९). ग्रीक देव अद्यापि हयात असून पाश्चात्त्य संस्कृतीच्या केंद्राबरोबर तेही अमेरिकेत आले आहेत, ही त्यांमागील कल्पना. ऑलिंपस न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर आहे, पाताळाचे द्वार लॉस अँजेल्समध्ये आहे आणि मेड्यूसा पुतळ्यांचे दुकान चालविते. निवेदक पर्सी हा समुद्रदेव पोसायडन व एक मानवी स्त्री ह्यांचा पुत्र. अनेक शाळांनी त्याला काढून टाकलेले असते. तथापि त्याला इंग्रजी वाचता येत नाही, ते त्याची बुद्धी प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेली असल्यामुळे. आणि त्याची चंचलता ही योद्ध्याची सावधता ठरते. शाळेने दोष मानलेली लक्षणे येथे देववंशाची खूण होतात.

हा देववंश मात्र सुखाचा नाही. देव आपल्या मानवी संततीची उपेक्षा करतात. त्यामुळेच हर्मीझचा पुत्र ल्यूक हा टायटन क्रोनसला मिळतो. पित्याने संततीचा छळ करावा व संततीने त्याचे सिंहासन हिरावून घ्यावे, हे युरेनस, क्रोनस व झ्यूस ह्यांच्या कथांतील सूत्र लेखकाने येथे पुढे चालविले आहे. ल्यूकचा मार्ग चुकतो. पण त्याची तक्रार खरी असते. विजयानंतर पर्सी देवांनी देऊ केलेले अमरत्व नाकारतो आणि देवांनी आपल्या सर्व मुलांना त्यांच्या तेराव्या वर्षापर्यंत उघडपणे आपले म्हणावे, असे वचन घेतो. सिंहासनाऐवजी न्याय मागून तो ही जुनी परंपरा खंडित करतो.

द हीरोज ऑफ ऑलिंपस (२०१०–१४) ह्या पुढील मालेत देवांची ग्रीक व रोमन रूपे परस्परविरोधी दाखविली आहेत. ग्रीकांना अप्रिय असलेला रक्तपिपासू एरीझ रोमनांकडे मार्स म्हणून पूज्य होतो. रोमन छावणीतील सैनिकी शिस्त व ग्रीक छावणीतील मोकळेपणा ह्यांतील विरोधही परिणामकारक आहे.

पहिल्या दोन कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले (२०१०, २०१३). २०२३ पासून दूरचित्रमालिकाही प्रसारित झाली. रायर्डनच्या नावाने काढलेल्या प्रकाशनमालेत इतर संस्कृतींच्या पुराणकथांनाही स्थान मिळाले. महाभारतावर आधारलेली रोशनी चोक्शी ह्या लेखिकेची आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम (२०१८) ही तीतील पहिली कादंबरी होय.