घरात एकच लॅपटॉप घ्यायचा तर

एका माणसासाठी लॅपटॉप घेणे आणि घरासाठी लॅपटॉप घेणे या दोन वेगळ्या खरेद्या आहेत. सातारा-सांगलीकडच्या बहुतेक घरांत यंत्र एकच येते आणि त्यावर बसणारे चार-पाच जण असतात. मुलगा सीईटीची तयारी करतो, मुलगी इंजिनिअरिंगला असते, वडिलांना दुकानाचे जीएसटी भरायचे असते, आईकडे बचत गटाचा हिशेब असतो आणि आजोबांना सातबाऱ्यावर पिकाची नोंद झाली की नाही ते पाहायचे असते. दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘बजेट किती?’ हा. वास्तविक तो दुसरा प्रश्न आहे. त्याआधी घरातल्या घरात ठरवायला हवे की या सगळ्यांत जड काम कोणाचे आणि यंत्र किती वर्षे चालवायचे. लॅपटॉप सगळ्यात जड कामाला पुरला की बाकीच्यांना आपोआप पुरतो. उलटे मात्र होत नाही.

हलकी कामे आधी वेगळी काढावीत. सातबारा-फेरफार पाहणे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा किंवा शेती योजनेचा अर्ज भरणे, बँकेचे व्यवहार, वीजबिल, पत्रव्यवहार आणि व्हिडिओ पाहणे यासाठी आज बाजारात मिळणारा कोणताही बरा लॅपटॉप चालतो. घरात एवढेच काम असेल तर लॅपटॉपची गरज आहे का, हेही विचारायला हरकत नाही. मोबाइल आणि जवळचे आपले सरकार सेवा केंद्र यांवर अनेक घरांचे व्यवस्थित भागते.

परीक्षांचे तसे नाही. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. जेईई मेन आणि बँकांच्या भरती परीक्षाही संगणकावरच असतात. पडद्यावर लांबलचक प्रश्न वाचायचा, माउसने पर्याय निवडायचा आणि कच्चे काम कागदावर करायचे, ही सवय मोबाइलवर होत नाही. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा द्यायची असेल तर कळफलकाला सर्वाधिक महत्त्व येते. या कामांना महागडा प्रोसेसर लागत नाही. चांगला पडदा, ऐसपैस कळा आणि दोन-तीनशे रुपयांचा वेगळा माउस एवढे लागते. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो, कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसली तरी बिघडत नाही.

जड काम बहुधा इंजिनिअरिंगचे निघते. या भागात त्याची परंपरा जुनी आहे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे आणि साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ चे. प्रवेश निश्चित होण्याआधीच मोठा गेमिंग लॅपटॉप घेऊन ठेवण्याकडे पालकांचा कल असतो. ही घाई टाळावी. पहिल्या वर्षी सी किंवा पायथनसारख्या भाषांतले छोटे प्रोग्रॅम लिहायचे असतात आणि त्यांना साधे यंत्र पुरते. खरा फरक शाखेने पडतो. कॉम्प्युटर किंवा आयटीच्या विद्यार्थ्याला ग्राफिक्स कार्डापेक्षा रॅम जास्त उपयोगी पडते. सिव्हिलला ऑटोकॅड आणि स्टॅड-प्रो चालवावे लागतात, आणि त्यांना १६ जीबी रॅमचा ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉपही बराच काळ साथ देतो. मेकॅनिकलला सॉलिडवर्क्स किंवा क्रिओमध्ये मोठ्या जुळण्या करायच्या असतील तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला अर्थ आहे. गेमिंग लॅपटॉपचे वजन दोन-सव्वादोन किलोच्या पुढे जाते, चार्जर विटेएवढा असतो आणि बॅटरी लवकर उतरते. वसतिगृहातून वर्गात रोज तो वाहून नेणाऱ्याला हे पहिल्याच महिन्यात कळते.

ॲपलच्या मॅकबुकची बॅटरी आणि पडदा उत्तम असतात, पण घराच्या एकमेव यंत्रासाठी तो इथे सहसा बसत नाही. सॉलिडवर्क्स, स्टॅड-प्रो आणि टॅली हे तिन्ही विंडोजसाठी बनलेले आहेत. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेच्या प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप आले आहेत. त्यांची बॅटरीही दीर्घकाळ टिकते, पण जुन्या प्रिंटरचे किंवा डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर त्यांवर चालतीलच असे नाही. ज्या घरात दुकान आहे तिथे ही अडचण क्षुल्लक नसते.

सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या असो की साताऱ्यातला किराणा व्यापारी, त्याच्या कामाच्या गरजा वेगळ्या आणि अगदी साध्या असतात. टॅली, ई-वे बिल आणि जीएसटीचे विवरणपत्र यांना फार ताकद लागत नाही, पण जोडण्या लागतात. डिजिटल सहीचे टोकन, पेन ड्राइव्ह आणि बिलाचा प्रिंटर जुन्या रुंद यूएसबीवर चालतात. अतिपातळ लॅपटॉपमध्ये त्या खाचा एक-दोनच असतात, काहींत नसतातही. इंटरनेटची तार लावण्याची खाच तर बऱ्याच लॅपटॉपमधून गेलीच आहे. लॅपटॉप धंद्यासाठी असेल तर बिल फर्मच्या नावे आणि जीएसटी क्रमांक घालून घ्यावे. लॅपटॉपवरचा १८ टक्के कर मग इनपुट क्रेडिटमध्ये मिळू शकतो, आणि आयकरात संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. मात्र तोच लॅपटॉप घरही वापरत असेल तर धंद्याच्या वापरापुरतेच हे लाभ घेता येतात, म्हणून आपल्या सीएशी आधी बोललेले बरे. अशा सामाईक यंत्रावर प्रत्येकाचे खाते वेगळे असावे आणि मुलांच्या खात्याला प्रोग्रॅम बसवण्याचा अधिकार नसावा. फुकटच्या गेमबरोबर आलेल्या व्हायरसने वर्षभराचा हिशेब गेला तर त्याची किंमत लॅपटॉपपेक्षा मोठी असते.

आता यंत्रावरच्या स्टिकरांकडे वळू. ग्राहक सर्वात जास्त फसतो तो इथे. ‘आय-फाइव्ह आहे’ या वाक्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. इंटेलच्या जुन्या पद्धतीत आय-५ नंतर येणाऱ्या आकड्यातले पहिले दोन अंक (नवव्या पिढीपर्यंत पहिला एकच अंक) पिढी सांगतात. आय-५ १३३५यू म्हणजे तेरावी पिढी. शेवटचे यू अक्षर कमी वीज खाणारा प्रोसेसर दाखवते, तर एच जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. डिसेंबर २०२३ पासून इंटेलने नावातला ‘आय’ काढून कोअर आणि कोअर अल्ट्रा अशी नवी नावे आणली. पण नवे नाव म्हणजे नवा प्रोसेसर नव्हे. कोअर ५ १२०यू हा मुळात तेराव्या पिढीचाच थोडा सुधारलेला अवतार आहे. एएमडीने तर कहर केला. रायझनच्या ७००० मालिकेत खरी पिढी तिसऱ्या अंकात दडलेली आहे. ७५२०यू मध्ये २०१९ सालची झेन-२ रचना आहे, ७५३०यू मध्ये झेन-३ आणि ७५४०यू मध्ये झेन-४. तिन्ही डब्यांवर ‘रायझन ५’ एकाच आकारात छापलेले असते. त्यामुळे प्रोसेसरचे पूर्ण नाव कागदावर लिहून घ्यावे आणि घरी येऊन शोधावे. निर्णय दुकानात उभ्याउभ्या घेऊ नये.

रॅमबाबत हात आखडता घेऊ नये, कारण यंत्राचे आयुष्य बहुतेक वेळा तीच ठरवते. विंडोज ११ आणि ब्राउझरची दहा-बारा पाने उघडली की ८ जीबी भरत येते. पाच-सहा वर्षे चालवायच्या यंत्राला १६ जीबी हवी. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवल्यामुळे जगभर रॅमचे भाव चढले आहेत, त्यामुळे हा फरक खिशाला जाणवतो. तडजोड करायचीच तर ८ जीबी आणि एक रिकामी खाच असलेले मॉडेल घ्यावे. दुकानदाराला नेमका प्रश्न विचारावा: रॅम बोर्डावर डकवलेली आहे की बदलता येते? डकवलेली असेल तर पुढे वाढवता येत नाही. वर उल्लेखलेल्या ७५२०यू वर ती कायम डकवलेलीच असते. साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी पुरे. अगदी स्वस्त यंत्रांत ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी असते, ती संथ आणि अपुरी असल्याने ते यंत्र घराच्या कामाचे नाही.

पडद्याकडे आपल्याकडे कोणी बघत नाही, आणि डोळे तर रोज त्याच्याकडेच लागलेले असतात. १९२० बाय १०८० पेक्षा कमी स्पष्टतेचा पडदा घेऊ नये. तो आयपीएस प्रकारचा असावा, कारण घरात तीन माणसे तीन बाजूंनी पाहतात आणि जुन्या टीएन पडद्यावर बाजूने चेहरे काळवंडतात. सोप्यात किंवा दुकानाच्या उजेडात बसणाऱ्याला २५० निट्स प्रकाश कमी पडतो, ३०० च्या पुढे असेल तर बरे. लग्नाचे अल्बम किंवा जाहिराती करणाऱ्याने रंगांचा आकडाही विचारावा. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेल्या पडद्यावर लाल शालू विटकरी दिसतो.

या दोन जिल्ह्यांत हवामानाचे दोन्ही टोकांचे प्रकार आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माण, खटाव, आटपाडी, जत हा पट्टा अवर्षणाचा. पूर्वेकडे ऊन आणि धूळ लॅपटॉपचे शत्रू आहेत. बहुतेक लॅपटॉप पस्तीस अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि उष्णतेत बॅटरी लवकर म्हातारी होते. हवा खालच्या जाळीतून आत जाते, म्हणून गादीवर ठेवून काम केले की यंत्र गुदमरते. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्यावा. लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावूनच चालत असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात, ती सुरू करावी. पश्चिमेकडे पाटण, जावळीच्या दमट हवेत यंत्र महिनोन्‌महिने कपाटात बंद ठेवणे वाईट. वापरात राहिले तर ते कोरडे राहते.

विजेची भीती मात्र थोडी कमी करता येईल. लॅपटॉपचा चार्जर साधारणपणे १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे रात्री दाब कमी झाला तरी स्टॅबिलायझर लागत नाही. लाईट गेली तर बॅटरी असतेच, आणि डेस्कटॉपपेक्षा गावात लॅपटॉप सोयीचा ठरतो तो याच कारणाने. धोका अचानक चढणाऱ्या दाबाचा असतो. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की चार्जर काढून ठेवावा. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर घरातल्या विजेच्या बोर्डाचे अर्थिंग तपासावे.

सांगलीत आणखी एक गोष्ट धरून चालावी लागते. कृष्णेचे महापूर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुरात लॅपटॉप काखेत मारून बाहेर पडता येते, पण टेबलाच्या खणातली हार्ड डिस्क, तिच्यातले दहा वर्षांचे फोटो आणि दुकानाच्या हिशेबाची प्रत मागे राहते. पूररेषेतल्या घराने लॅपटॉपबरोबरच एक बाहेरची हार्ड डिस्कही विकत घ्यावी आणि ती उंचावर राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवून दर महिन्याला ताजी करावी. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते. कागदपत्रे आणि टॅलीच्या प्रतीला तेवढी पुरते, फोटोंना पुरत नाही.

नव्याचे पैसे जमत नसतील तर जुना लॅपटॉप घेणे कमीपणाचे नाही. कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड आणि एलिटबुक पुण्याच्या बाजारातून इकडे येतात. त्यांची बांधणी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा भक्कम असते आणि सुटे भाग मिळतात. अट एकच कडक आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच बसते. सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी तो लिनक्स वापरणाऱ्यानेच घ्यावा. विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. सध्याची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत.

ऑनलाइन घ्यावा की गावातल्या दुकानातून, हा वाद बहुतेक किमतीवर संपतो. तो सेवेवर संपायला हवा. ‘ऑनसाइट’ वॉरंटीत माणूस घरी येतो, ‘कॅरी-इन’मध्ये लॅपटॉप घेऊन सेवा केंद्रात जावे लागते. जत किंवा पाटणच्या घराला यातला फरक अख्ख्या दिवसाचा पडतो. ऑनसाइट सेवा आपल्या पिनकोडला मिळते का, हे कंपनीला आधीच विचारावे. वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली तरी बॅटरीची बऱ्याचदा एकाच वर्षाची राहते. जाहिरातीत किंमत संशयास्पद कमी दिसली तर ‘डॉस’ शब्द शोधावा. तशा यंत्रात विंडोज नसते, आणि कोणीतरी पेन ड्राइव्हवरून टाकून दिलेल्या चोरीच्या विंडोजवर जीएसटीचे पासवर्ड टाकणे शहाणपणाचे नाही.

खोके घरी न्यायच्या आधी दुकानातच उघडावे. ऑनलाइन मागवले असेल तर उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. खोक्यावरचा, यंत्राच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सीरियल क्रमांक जुळतो का पाहावे. तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली ते कळते. ती तारीख खरेदीच्या बरीच आधीची निघाली तर बिल दाखवून दुरुस्त करून घ्यावी. मग पांढऱ्या पडद्यावर काळे ठिपके आहेत का, प्रत्येक कळ उमटते का, कॅमेरा आणि आवाज चालतो का, आणि घरातला पेन ड्राइव्ह प्रत्येक खाचेत लागतो का, हे तपासावे. मूळ बिलाचा फोटो त्याच दिवशी घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये जावा.