यलोस्टोनच्या पोटात खरंच लाव्हाचं तळं उकळतंय का?

सैरावैरा धावणारे बायसन, मागे थरारक संगीत आणि वर मोठ्या अक्षरांत मजकूर, ‘यलोस्टोन फुटणार, प्राणी पळू लागले!’ अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. हा प्रकार नवा नाही. २०१४ मध्ये असाच एक व्हिडिओ इतका फिरला की उद्यानाच्या अधिकाऱ्यांना खुलासा करावा लागला. हिवाळ्यात वर बर्फ साचतो, म्हणून प्राणी चाऱ्यासाठी सखल भागात उतरतात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पण मग जमिनीखाली नेमकं आहे तरी काय? आणि घाबरायचंच असेल, तर कशाला घाबरायचं?

आधी कॅल्डेरा म्हणजे काय ते पाहू

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोकदार डोंगर येतो. यलोस्टोनमध्ये तसा डोंगर नाही. जमिनीखालचा मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, प्रचंड प्रमाणात एकदम बाहेर पडला की वरच्या जमिनीचा आधारच जातो आणि ती खाली खचते. या खचलेल्या भागाला कॅल्डेरा म्हणतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातला कॅल्डेरा साधारण ७० किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. तो तयार झाला सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी. त्या एका उद्रेकात अंदाजे १,००० घन किलोमीटर राख आणि खडक बाहेर पडले होते.

तळं नाही, बर्फाचा गोळा

शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत ज्वालामुखीखाली लालभडक रसाने भरलेली एक पोकळी दाखवलेली असते. प्रत्यक्षात तसं नसतं. चौपाटीवरचा बर्फाचा गोळा आठवा. गोळा लाल दिसतो, पण त्यात सरबत थोडंच असतं, बाकी सगळा बर्फ. यलोस्टोनखाली ‘बर्फ’ म्हणजे घट्ट, पण अतिशय तापलेले खनिजांचे स्फटिक आणि ‘सरबत’ म्हणजे त्यांच्या फटींमधला वितळलेला खडक.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, वरच्या साठ्यात वितळलेल्या भागाचं प्रमाण १६ ते २० टक्के आहे. हे आधीच्या अंदाजापेक्षा जास्त आहे. पण मोठ्या उद्रेकासाठी साठा प्रवाही व्हावा लागतो आणि त्यासाठी हे प्रमाण साधारण ३५ ते ५० टक्क्यांपर्यंत जावं लागतं. या साठ्याच्या खाली, २० ते ५० किलोमीटर खोलीवर, आणखी मोठा साठा आहे. २०१५ च्या एका अभ्यासात तिथे वितळलेला भाग जेमतेम २ टक्के असल्याचा अंदाज निघाला.

हे न खोदता कसं कळलं?

माठ विकत घेताना आपण तो वाजवून बघतो. शास्त्रज्ञही जवळपास तेच करतात. भूकंपाच्या लहरी घट्ट खडकातून वेगाने जातात आणि वितळलेल्या भागात मंदावतात. ठिकठिकाणी बसवलेली यंत्रं या लहरी कधी पोहोचल्या ते टिपतात आणि त्यावरून आतलं चित्र तयार होतं.

दुसरी पद्धत विजेची. वितळलेल्या खडकातून वीज जास्त सहज वाहते. या पद्धतीने केलेला एक अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यानुसार हा मॅग्मा एकसंध नसून वेगवेगळ्या कप्प्यांत आहे. त्यातल्या फक्त ईशान्येकडच्या कप्प्याला खालून सतत उष्णता मिळते आहे. म्हणजे लांबच्या भविष्यात उद्रेक झालाच, तर तो त्या बाजूला होण्याची शक्यता जास्त.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जमीन हादरवणारा खास ट्रक वापरून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. साठ्याचा माथा सुमारे ३.८ किलोमीटर खोलीवर असल्याचं त्यात दिसलं. तिथे वायू साचतो, पण कुकरच्या शिट्टीतून वाफ निघावी तसा तो वरच्या भेगांमधून निसटत राहतो. त्यामुळे दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढत नाही.

‘उद्रेकाची वेळ उलटून गेली’ हे खरं का?

हा दावा साध्या गणितातही टिकत नाही. तीन महाउद्रेक झाले ते सुमारे २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी. सरासरी अंतर निघतं ७ लाख ३० हजार वर्षं. म्हणजे या हिशेबानेही अजून ९० हजार वर्षं शिल्लक आहेत! मुळात ज्वालामुखी एसटीसारखा वेळापत्रकावर चालत नाही. साठ्यात पुरेसा वितळलेला खडक आणि दाब असेल, तरच तो फुटतो.

मग खरा धोका कशाचा?

भूकंपाचा आणि उकळत्या पाण्याचा. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री उद्यानाच्या पश्चिमेला हेबगेन लेक परिसरात ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. दरड कोसळून आणि इतर कारणांनी २८ जणांचा जीव गेला. २३ जुलै २०२४ ला बिस्किट बेसिनमध्ये जमिनीखालच्या पाण्याची अचानक वाफ होऊन स्फोट झाला. काळा चिखल आणि दगड उंच उडाले, पर्यटक लाकडी पायवाटेवरून पळत सुटले. सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. या दोन्ही घटनांमध्ये मॅग्मा वर आलाच नव्हता.

अशा स्फोटांची पूर्वसूचना मिळणं फार कठीण असतं. महाउद्रेकाचं तसं नाही. मॅग्मा वर सरकू लागला तर भूकंप, जमिनीचा फुगवटा आणि वायूंमधले बदल यातून तो आधी जाणवेल, असं शास्त्रज्ञ सांगतात. यलोस्टोन व्होल्कॅनो ऑब्झर्व्हेटरी या सगळ्यावर नजर ठेवते आणि दर महिन्याला ताजी स्थिती जाहीर करते.

त्यामुळे पुढच्या वेळी पळणाऱ्या बायसनची रील आली, तर फॉरवर्ड करण्याआधी ती माहिती बघा. आणि कधी यलोस्टोन पाहायला गेलात, तर सहा लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची काळजी करण्यापेक्षा पायवाटेच्या कडेला लावलेली ‘पुढे जाऊ नका’ ही पाटी वाचा. जीव वाचवणारी सूचना तीच आहे.