कर्जमुक्तीचा दाखला विकत मिळत नाही

आज पैशाबद्दलच बोलायचंय, पण बचतीबद्दल नाही. जी मदत फुकट मिळते, तिच्यासाठी आपण पैसे कसे मोजतो, त्याबद्दल.

गटांच्या बैठकांना गेलं की हल्ली एक गोष्ट कानावर येते. गावात कुणीतरी माणूस येतो. कपडे नीटनेटके, हातात फायली. म्हणतो, "तुमचं मायक्रोफायनान्सचं कर्ज माफ करून देतो. फॉर्म भरा, वकिलाची फी म्हणून दीड-दोन हजार द्या. कर्जमुक्तीचा दाखला घरपोच येईल. उद्यापासून हप्ता भरू नका." असा एक दाखला मी पाहिलाय. रंगीत कागद, गोल शिक्का, वर लॅमिनेशन. ज्या ताईंकडे होता, त्यांनी चार महिने हप्ता भरला नव्हता. व्याज मात्र चालूच होतं.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये याच प्रकाराबद्दल लोकांना सावध केलं. असे दाखले द्यायचा अधिकार या लोकांना नाही, असं बँकेने स्पष्ट सांगितलं. साधा हिशोब आहे. कर्ज ज्याने दिलं, तोच ते सोडू शकतो. सरकारने कर्जमाफी केली तर ती जाहीर होते, बँकेत यादी लागते. ती कुणी पिशवीत घालून दारोदार आणत नाही. कर्ज फिटल्यावर मिळतो तो बेबाकी दाखला, आणि तो कर्ज देणाऱ्याकडूनच मिळतो.

पण हप्ता खरंच झेपत नसेल तर? तो माणूस आपल्याला गाठतो ते आपण घाबरलेल्या असतो म्हणून. तेव्हा आधी आपलं कर्जकार्ड काढा. डब्यात, गादीखाली, जिथं असेल तिथून. ते आपल्याला कळेल अशा भाषेत असलं पाहिजे. त्यावर व्याजाचा दर आणि सगळे आकार लिहिलेले असले पाहिजेत, आणि तक्रार कुणाकडे करायची तेही. रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेल्या अशा कर्जाला तारण घेता येत नाही, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. धमकी, शिवीगाळ, शेजारणींसमोर अपमान, यातलं काहीच चालत नाही.

कार्ड हातात आलं की कंपनीला मराठीत साधा अर्ज लिहा. अडचण काय, किती भरू शकते, मुदत वाढवून हवी का. मुदत वाढवून द्यायचीच असं त्यांच्यावर बंधन नाही, हे मी लपवत नाही. पण कितीतरी वेळा देतात, आणि आपला अर्ज कागदावर राहतो. वसुलीचा त्रास असेल तर त्याची तक्रार वेगळ्या कागदावर लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे, तिथं मराठीत माहिती मिळते. तक्रार पोस्टानेही करता येते, आपल्या भाषेत. वकील लागत नाही, एक रुपया फी नाही. "लोकपालाकडे अर्ज करून देतो, हजार द्या" म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

वकील लागलाच, म्हणजे नोटीस किंवा कोर्टाचा कागद आला, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याने बाईला वकील फुकट मिळतो. उत्पन्न कितीही असो, ती बाई आहे एवढंच पुरेसं. फोन नंबर १५१००. ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्या जणींना माहीत आहे, म्हणून पुन्हा सांगते: १५१००.

दुसरा धंदा सिबिलचा. "सिबिल खराब आहे, सुधारून देतो." आपला पत अहवाल प्रत्येक पत माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात चूक असेल, म्हणजे फेडलेलं कर्ज बाकी दाखवलं असेल, तर दुरुस्तीही फुकट. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. आणि अहवालात लिहिलेलं खरं असेल, तर ते कोणताही एजंट पुसू शकत नाही.

सासऱ्यांचं, वडिलांचं जुनं खातं पडून असेल तर उद्गम नावाच्या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर शोधता येतं. मुलगी कॉलेजात असेल तर तिला बसवा. सापडलं तर बँकेत जा; टक्केवारी मागणाऱ्याची गरज नाही.

गटाच्या कर्जासाठी "साहेबांना द्यावे लागतात" असं कुणी म्हणालं तर आधी मला किंवा तुमच्या सीआरपी ताईंना विचारा. १० लाखांपर्यंतच्या गटाच्या कर्जाला तारण लागत नाही. फाईल करून देणं हे आमचंच काम आहे, त्याचं मानधन आम्हाला मिळतं. थोडंच मिळतं, पण मिळतं.

सगळंच फुकट असतं असं नाही. सेवा केंद्रात दाखल्याला ठरलेली फी असते आणि ती द्यावी. दर भिंतीवर लावलेला असतो, तो वाचा, पावती घ्या.

आणि अर्ज देताना दोन प्रती करा. एकीवर तारीख, शिक्का आणि सही घेऊन ती घरी आणा. पोच द्यायला कुणी कां-कू केली, तर वाद घालू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती कर्जकार्डाला टाचून ठेवा.