नस ‘जाळण्या’आधी हे समजून घ्या

पायांची आग, मुंग्या, रात्रभर झोप नाही. गोळ्यांनी फरक पडेना की ‘नस जाळून घ्या’ असा सल्ला मिळतो. पण सडक अर्जुनीहून महामार्ग ५३ ने नागपूर गाठण्याआधी थोडे थांबा.

काय करतात?
सुईच्या टोकाला रेडिओलहरींनी सुमारे ८० अंश सेल्सिअस उष्णता देऊन वेदना नेणारी नस ६० ते ९० सेकंदांत निकामी करतात. आधी बधिरतेचे इंजेक्शन देऊन पाहतात. त्याने आराम पडला तरच पुढचे पाऊल.

उपयोग कोणाला?
मणक्याच्या सांध्यांचे दुखणे, गुडघेदुखी, चेहऱ्यावरची ट्रायजेमिनल वेदना. मधुमेहामुळे दोन्ही पायांच्या नसा खराब झाल्या असतील तर हा सहसा उपाय नाही. दुखावलेली नस जाळल्याने वेदना वाढूही शकते.

आराम किती?
बहुधा ६ ते १२ महिने. नस पुन्हा वाढते.

आधी काय?
साखर, बी-१२ आणि थायरॉइड तपासा. अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा; त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. धानाच्या बांधीत अनवाणी उतरू नका. बधिर पायाला जखम कळत नाही.